विनातारण

बँकेत असताना ज्या शब्दाखाली मी सर्वांत जास्त सह्या केल्या असतील, तो शब्द म्हणजे ‘तारण’. तारण काय देता? तारणाची किंमत किती? तारणाचा विमा उतरवला आहे का? जमीन, दागिने, तेलइंजिन, बैलजोडी. काहीच नसेल तर निदान एक बरा जामीन. कर्ज मागायला माणूस समोर येऊन बसला की त्याच्या तोंडाकडे आम्ही नंतर बघायचो, त्याच्या पाठीशी काय उभं आहे ते आधी. ३६ वर्षं हाच धंदा केला. त्यामुळे १९८६ सालच्या जूनमध्ये नवापूर तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच रविवारी एका पत्र्याच्या छपराच्या इमारतीवर निळ्या रंगात रंगवलेली ‘येशू ख्रिस्त जगाचा तारणारा’ ही अक्षरं वाचली, तेव्हा मला हसू आलं. मनात म्हटलं, हे तर आपल्याच खात्यातलं दिसतंय.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांची ही हकिकत.

तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. नवापूर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे सगळे तालुके धुळ्याचेच होते आणि तिकडं बदली झाली म्हणजे वरचे साहेब नाराज आहेत, असा आम्हा नोकरदारांचा सरळ हिशेब होता. मी यावलकडचा, वारकरी घरातला, वय २६, लग्न ठरलेलं. सुरत-भुसावळ लाइनवरच्या गाडीतून नवापूरला उतरलो. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचं एक टोक या राज्यात तर दुसरं त्या राज्यात आहे. त्या बाकावर ट्रंक ठेवून बसलो आणि आपण नेमकं कुठं येऊन पडलो, असा विचार करत राहिलो.

या भागात ख्रिस्ती माणसं बरीच आहेत. मावची, गावीत, भिल्ल, सगळ्यांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या नावाच्या, शिकागोत १८९० साली स्थापन झालेल्या संस्थेचे मिशनरी पश्चिम खानदेशात आले, भाषा शिकले, पाड्यापाड्यांतून चालले. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२ मध्ये सुरू झाला. माझ्या काळात ‘चिंचपाड्याला नेलं’ म्हटलं की दुखणं मोठं आहे असं समजायचं. याच डोंगरांत तळोद्याकडं १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी दारू सोडा, नीट राहा असं सांगत हजारो आदिवासी गोळा केले होते. देवमोगरा मातेच्या यात्रेला जाणारी घरं तर किती सांगू! एका दारावर क्रूस आणि शेजारच्या दारी यात्रेची तयारी, हे मी एकाच पाड्यावर पाहिलेलं आहे. धर्मांतरावरून वाद तेव्हाही होत, आज अधिक होतात. तो वाद मला इथं घालायचा नाही. मला एका जामीनदाराबद्दल सांगायचं आहे.

त्यांना सगळे ‘बाबा’ म्हणत. चिंचपाड्याच्या पुढचं गाव, पाच एकर कोरडवाहू जमीन, गवतानं शाकारलेलं घर. वय साठीच्या आसपास. गावातल्या मंडळीचे ते ‘वडील’ होते. मंडळी म्हणजे आपल्या घरातली नव्हे. चर्चच्या सभासदांना ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणतात आणि त्यातल्या पंचाला वडील. पाळक महिन्यातून एकदा येई. बाकीचे रविवार बाबाच चालवत. शिक्षण चौथी, पण बायबल पाठ असल्यासारखं. सही मात्र शाळामास्तरासारखी, गोल आणि सुटी. त्या सहीनंच सगळा घोटाळा केला.

१९८७ च्या फेब्रुवारीत एक तरुण बैलजोडीसाठी ४,००० रुपये मागायला आला. मंडळीतलाच, बापाविना वाढलेला, बोलायला गोड. त्याच्या जमिनीचे कागद चुलत्यांच्या भांडणात अडकलेले. ३१ मार्च जवळ आलेला, माझं उद्दिष्ट अपुरं. मी म्हटलं, जामीन आण. त्यानं बाबांना आणलं. मी फॉर्म पुढं सरकवला, बाबांनी चष्मा लावला, सगळा कागद वाचला आणि सही केली. सगळा कागद वाचून सही करणारा जामीनदार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

दिवाळी झाली आणि तो पोरगा बैल विकून ऊसतोडीला गुजरातेत निघून गेला. बारडोलीकडं गेला असं कळलं. नवापूर भागातली माणसं दरवर्षी तिकडं जातातच, त्यात त्याला कोण शोधणार? जानेवारी १९८८ मध्ये मी बाबांना नोटीस धाडली. जामीनदाराकडून वसुली म्हणजे काय असतं ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. पहिल्यांदा शिव्या, मग आजारपण, मग पुढाऱ्याची चिठ्ठी. मी तिन्हींची तयारी ठेवली होती.

पुढच्या आठवडे बाजाराच्या दिवशी बाबा आले. धोतराच्या सोग्यातून सत्तर रुपये काढून काउंटरवर ठेवले आणि पावती मागितली. पुन्हा काही दिवसांनी आले, चाळीस रुपये. तूर विकली तेव्हा एकदम तीनशे. मोहाची फुलं विकून साठ. असं चाललं.

मधल्या काळात मी मराठी बायबल वाचायला घेतलं होतं. भक्तीनं नव्हे, कुतूहलानं. संध्याकाळी वीज गेली की शाखेच्या मागच्या खोलीत कंदील लावून वाचायचो. आणि मला वाटलं, आपण एखाद्या जुन्या पेढीचं दप्तर उघडलंय. पुस्तकाचे दोन भागच मुळी ‘करार’, जुना आणि नवा. आत तारण आहे, खंडणी आहे, विसार आहे, वतन आहे, जामीन आहे. आज खंडणी म्हटलं की गुंड आठवतो, पण तिथं तिचा अर्थ बंदिवानाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत असा आहे. ख्रिस्तानं आपला जीव खंडणी म्हणून दिला, असं शुभवर्तमान सांगतं. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात येशूला चक्क कराराचा जामीन म्हटलेलं आहे. आणि पौल म्हणतो की पवित्र आत्मा हा देवानं माणसाला आधीच दिलेला विसार आहे. विसार! दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे हातावर ठेवतो, तो विसार. घोडा अजून दावणीलाच असतो, पण आता तो दुसऱ्याला विकता येत नाही. बाकीची रक्कम येणार याची ती खूण. देव माणसाला विसार देतो, ही कल्पना कुठल्याही बँकेच्या माणसाला खुर्चीवर नीट बसायला लावील.

या शब्दांना इतिहास आहे. विल्यम केरीनं मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. नंतर अनेकांनी हात लावला. शेवटी पंडिता रमाबाईंनी ठरवलं की खेड्यातल्या बाईला कळेल असं साध्या मराठीतलं बायबल हवं, आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून सगळं भाषांतर एकटीनं केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात तयार झालेलं ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘तारण’ हा शब्द देवळात आणि पेढीवर एकाच अर्थानं वापरला जातो असं नाही, पण धातू एकच: तारणे, पलीकडे नेणे. बुडू न देणे. कर्ज बुडू नये म्हणून तारण घ्यायचं आणि माणूस बुडू नये म्हणून तारणारा.

मात्र हे शब्द नवापूरला किंवा शहाद्याला जसे ऐकू येतात तसे पुण्या-मुंबईच्या चर्चमध्ये येत असतील असं मला वाटत नाही. इथं सालदारकी होती. सावकाराच्या वहीत अंगठा उठला की बाप राबे, मग मुलगा राबे. गहाण टाकलेली जमीन परत येत नसे. १९७२ पासून शहादा भागात अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या मागं आदिवासी उभे राहिले ते या गहाण जमिनींसाठीच. त्यानंतर आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. सोडवणूक म्हणजे काय, हे ज्या माणसानं सातबाऱ्यावर पाहिलंय, त्याला चर्चच्या बाकावर बसून तो शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो त्याला दाखला म्हणून ऐकत नाही, बातमी म्हणून ऐकतो.

एकदा मी बाबांना विचारलंच.

‘बाबा, त्या पोराचा राग नाही येत तुम्हाला?’

‘येतो ना. खूप येतो.’

‘मग?’

‘राग त्याच्यावर आहे, साहेब. सही माझी आहे.’

पावती खिशात ठेवून ते बसून राहिले. मग त्यांनी मला रूथची गोष्ट सांगितली. रूथ ही परक्या मुलखातली तरुण विधवा. सासूबरोबर बेथलेहेमला आलेली, शेतातला सर्वा वेचून पोट भरणारी. नवऱ्याच्या कुळाची जमीन सोडवून घ्यायची आणि रूथलाही पदरात घ्यायचं, हा जवळच्या नातेवाइकाचा हक्क आणि कर्तव्य. बवाज तयार होता. पण त्याच्याहून जवळचा एक नातेवाईक होता. गावाच्या वेशीत पंच बसले. जमीन सोडवतोस का, विचारलं तर तो हो म्हणाला. मग बवाजानं सांगितलं की जमिनीबरोबर ती विधवाही येते. तेव्हा हा म्हणाला, नको, माझ्या वतनाचं नुकसान होईल. आणि रिवाजाप्रमाणे पायातली वहाण काढून दिली. बवाजानं सगळं सोडवलं आणि त्यांच्याच वंशात पुढं दावीद राजा झाला.

‘त्या दुसऱ्याचं नाव काय होतं, माहितीय साहेब?’

‘काय?’

‘नाहीच लिहिलेलं. सगळ्यांची नावं आहेत त्या पुस्तकात. त्याचं नाही. सही टाळली ना.’ आणि बाबा मोठ्यानं हसले. मग उठता उठता म्हणाले, ‘माझ्यासाठी पण कोणी सही केलेली आहे. ती कशी विसरू?’

मी घरी येऊन रूथचं पुस्तक काढलं. चारच अध्याय. खरंच त्या माणसाचं नाव नाही.

हे वाचून बाबा म्हणजे कुणी संत होते असं कुणाला वाटेल, म्हणून लगेच सांगतो. त्यांच्या बायकोला हे अजिबात पसंत नव्हतं. घरावर गवताऐवजी पत्रे टाकायचे म्हणून साठवलेले पैसे बँकेत गेले आणि आणखी दोन पावसाळे त्यांनी गळक्या छपराखाली काढले. महिनाभर नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं, हे त्यांच्या मुलानं, तो रेल्वेत गँगमन होता, मला चहाच्या टपरीवर सांगितलं. ‘देव बघून घेईल म्हणतात’, तो म्हणाला, ‘पण भिजतो आम्ही.’ त्याचं काय चुकलं? मी कादंबऱ्या लिहायला लागल्यावर या माणसाला दोनदा कादंबरीत घालून पाहिलं. दोन्ही वेळा तो खोटा झाला, कारण दोन्ही वेळा मी त्या छपरातून गळणारं पाणी विसरलो.

सप्टेंबर १९८९ मध्ये खातं पुरं झालं. व्याज धरून चार हजारांच्या वर रक्कम भरली गेली होती. मी खात्यावर लाल शाईनं ‘बंद’ लिहिलं आणि मनातून सुटलो.

आणि १९९० उजाडलं. विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार. अर्थमंत्री आपले मधु दंडवते. मार्चच्या अंदाजपत्रकात त्यांनी ग्रामीण कर्जमाफी जाहीर केली: १०,००० रुपयांपर्यंतची थकीत कर्जं माफ. थकबाकीची तारीख धरली होती २ ऑक्टोबर १९८९. शाखेत जत्रा लोटली. ज्यांना आम्ही दोन-दोन वर्षं शोधत होतो ती माणसं स्वतःहून आली, नवीन शर्ट घालून. मे-जूनमध्ये याद्या लागल्या. त्या गर्दीत एके दिवशी बाबा आले, हातात पासबुक.

‘माझं पण माफ करा.’

‘बाबा, तुमच्याकडं काही बाकीच नाही.’

‘म्हणून तर म्हणतो!’

त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. जे पळाले त्यांना माफी, ज्यानं छप्पर विकून भरले त्याला काय? मी नियम सांगायला लागलो. तारीख, थकबाकी, परिपत्रकाचा क्रमांक. ते ऐकत राहिले. मग पासबुक तसंच टेबलावर टाकून निघून गेले. चहा मागवलेला होता, तो निवला.

त्यांचं म्हणणं काय खोटं होतं? एक-दोन महिने आधी भरणारा मूर्ख ठरला होता. बँकेतले आम्ही सगळे तेव्हा हेच म्हणत होतो की आता प्रामाणिकपणे हप्ता भरणारा माणूस मिळायचा नाही. पण त्या संध्याकाळी मला वेगळंच काही सुचत गेलं. कर्जमाफी फुकट नसते. शेतकऱ्याचं खातं कोरं झालं तरी ती रक्कम हवेत जात नाही. कुठल्या तरी दुसऱ्या खात्याच्या नावे ती पडते. इथं ती सरकारच्या नावे पडली, म्हणजे तुमच्याआमच्या. आमच्या घरात तुकोबांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली: महाजनकीतली खतं त्यांनी भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात हे ऐकताना गोड वाटतं. बँकेत बसल्यावर कळतं की बुडवलेल्या खतांचा तोटा तुकोबांनी सोसला, त्यांच्या घरानं सोसला, जिजाईनं सोसला. कलस्सैकरांच्या पत्रात पौल लिहितो की आपल्याविरुद्धचा ऋणाचा लेख ख्रिस्तानं वधस्तंभाला खिळून टाकला. तिथंही तेच. लेख फाटला खरा, पण फाडणाऱ्याचे हात रक्तानं भरले. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. ते मी पूर्वी फक्त अलंकार समजत होतो. त्या पुलाचा एक खांब तरी मला त्या जूनमध्ये दिसला.

दोन महिने बाबा फिरकले नाहीत. चर्चमध्येही बोलायला उभे राहत नाहीत असं कळलं. पुढं ऑगस्टच्या शेवटी, पाऊस उघडला तेव्हा आले. पासबुक मी जपून ठेवलं होतं, ते दिलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग त्यांनी द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. ती अनेकांना ठाऊक असेल. मालक पहाटे मजूर लावतो, दिवसाची मजुरी ठरवतो. मग नऊ वाजता, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि अगदी दिवस मावळायच्या आधी तासभर आणखी मजूर आणतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. पहाटे आलेले कुरकुरतात.

‘ही गोष्ट मी मंडळीत दहा वेळा तरी सांगितली असेल’, बाबा म्हणाले. ‘दर वेळी मी स्वतःला संध्याकाळच्या मजुरांत धरत होतो. आपण उशिरा आलेले, तरी देवानं पुरी मजुरी दिली, असं. या वेळी कळलं की मी पहाटेचा निघालो.’

‘मग आता?’

‘आता काय. मालकाशी भांडतो रोज. पण भांडतो म्हणजे बोलणं चालू आहे.’

त्यावेळी मी त्यांना जे सांगितलं ते तोवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. तो पोरगा हप्ते भरणार नाही, असं मला १९८७ मध्येच वाटलं होतं. चुलत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं. पण मार्चअखेरचा आकडा गाठायचा होता आणि बाबांची सही चांगली होती. बुडालं तर इथून वसूल होईल, असा हिशेब करूनच मी तो फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला होता.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. ‘मला ठाऊक होतं ते.’

‘ठाऊक होतं? मग सही का केली?’

‘मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कोणाचा अंगठा घेतला असता. त्याची तर जमीन दोन एकर.’ थोडं थांबून म्हणाले, ‘त्या दिवशीचा चहा राहिला होता. आता सांगा.’

चहा आला, आम्ही प्यालो. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत आणि मीही मागितली नाही. पण त्यानंतर त्या टेबलावर मी जामीनदाराची सही कधी तशी घेतली नाही. आणखी दोन बढत्या हुकल्या, त्याला हेही एक कारण असेल. असो.

१९९१ मध्ये माझी बदली झाली. निघताना एक बायबल विकत घेतलं ते अजून घरात आहे. गाडीत चाळताना यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला बत्तिसावा अध्याय समोर आला आणि नंदुरबार स्टेशन कधी गेलं ते कळलं नाही. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता आणि त्याबद्दल राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत ठेवलेलं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. शेत शत्रूच्या ताब्यात, घेणारा कोठडीत. कुठली बँक या जमिनीवर पैसा देईल? मूल्यांकन शून्य. यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. का? तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील असं देवानं वचन दिलंय.

दस्तऐवज तपासायची सवय असल्यामुळे मी पुढं वाचत गेलो, शेत त्याला मिळालं का? नाही मिळालं. शहर पडलं, जळालं, लोकांनी यिर्मयाला मिसर देशात नेलं. वचन पुढच्यांसाठी खरं झालं, त्याच्यासाठी नाही. आमच्याकडं वचनचिठ्ठी असते ती मागताक्षणी देय असते. बँक म्हणेल तेव्हा पैसे टाका. देवाची वचनं याच्या नेमकी उलट दिसतात. देण्याचा दिवस देणाराच ठरवतो आणि घेणाऱ्यानं तोवर भांडं जपायचं. वारकरी घरातल्या मला यात परकं काही वाटलं नाही. आमची पंढरीची वाटसुद्धा अशीच उधारीवर चालते. पण भीती वाटली हे खरं. इतकी विनातारण उधारी द्यायची आपली तयारी आहे का?

पंडिता रमाबाईंची होती. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं १८८७ मध्ये दहा वर्षं मदतीची हमी दिली होती. ती मुदत सरली त्याच सुमारास दुष्काळ पडले. बाईंनी हमी संपली म्हणून फाटक लावलं नाही. मध्य प्रांतातून, गुजरातेतून उपाशी मुली आणल्या, आणि १९०० च्या सुमारास केडगावात सुमारे २,००० माणसं जेवत होती. ठरलेलं उत्पन्न नाही, प्रार्थना आहे आणि विहिरी खणणं आहे. बँकेच्या डोळ्यांनी पाहिलं तर तो ताळेबंद एकाही वर्षी जुळायला नको होता. पण इथंही मला विहिरी जास्त पटतात. देवावर भरवसा टाकून बाई हात जोडून बसली नाही. बाबाही बसले नव्हते, ते मोहाची फुलं वेचून साठ रुपये आणत होते.

निवृत्तीनंतर, २०२३ च्या डिसेंबरात, सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा एक दिवस काढून नवापूरला गेलो. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगाही आता रेल्वेतून निवृत्त, केस पांढरे. घरावर स्लॅब. त्यानं मला ओळखलं, ‘सलाम साहेब’ म्हणाला, आणि तुरीची डाळ बांधून दिल्याशिवाय सोडणार नाही असं आधीच सांगून टाकलं.

मी त्या पळालेल्या पोराचं विचारलं. तो १९९१ च्या पावसाळ्यात परत आला होता. पैसे दिले? नाही. कधीच दिले नाहीत. बाबांनी मागितले? एकदा मागितले, मग नाही. दोन वेळा पेरणीला बी दिलं, त्यावरूनही घरात भांडण झालं. तो दर हंगामाला गुजरातेत जायचा, इथं असला की चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा. ‘बाबा गेले तेव्हा तो इथंच होता’, मुलगा म्हणाला. ‘कबर त्यानं खणली. कोणाला हात लावू दिला नाही. खडक लागला होता, तरी.’

मग तो आत जाऊन बाबांचं बायबल घेऊन आला. पुठ्ठा सुटलेला, पानांच्या कडा काळ्या. आत बँकेच्या पावत्या होत्या, माझ्या आद्याक्षरांच्या, फिकट झालेल्या. एखाद्या खास पानात वगैरे नाही. त्या त्या दिवशी जिथं पुस्तक उघडलं असेल तिथं एकेक सरकवलेली. मी मोजल्या. ३१ भरल्या.

‘साहेब, या आता टाकून दिल्या तर चालतील ना?’ त्यानं विचारलं. ‘बँकेला लागणार नाहीत?’

मी म्हटलं, खातं बंद होऊन ३४ वर्षं झाली, आता कोणाला लागायच्या?

त्यानं मान हलवली, पावत्या गोळा करून कडा सारख्या केल्या आणि पुन्हा पुस्तकात ठेवून दिल्या.